घोळ माशाचा भोत आणि निवळलेला पिंट

२०२१ च्या ऑगस्टअखेर, पावसाळी मासेमारीबंदी उठल्यानंतर, पालघर जिल्ह्यातील मुरबे गावच्या एका मच्छीमाराच्या जाळ्यात दीडशेहून अधिक घोळ मासे सापडले आणि त्यांचे सुमारे १ कोटी ३३ लाख रुपये आले, ही बातमी अनेकांना आठवत असेल. हा भाव मुख्यतः मांसाचा नव्हता. तो माशाच्या पोटातील हवेच्या पिशवीचा, म्हणजे कोळी लोक जिला भोत म्हणतात तिचा होता. भोताचे उपयोग सांगताना ‘बिअर शुद्ध करण्यासाठी’ हे तीन शब्द कुठे कुठे ओझरते येऊन गेले, आणि बाकीची जागा त्याच्या अद्भुत औषधी गुणांनी व्यापली. वास्तविक भोत म्हणजे बव्हंशी कोलॅजेन. ते खाल्ले, तर इतर प्रथिनांप्रमाणेच पचून त्याची अमिनो आम्ले होतात; गेलेले तारुण्य त्या वाटेने परत येत नाही. बिअरचा उल्लेख मात्र खरा आहे. फक्त ‘शुद्ध करणे’ हे क्रियापद चुकीचे आहे, कारण भोतामुळे बिअर शुद्ध होत नाही, ती निवळते.

या निवळण्यावर सर्वाधिक भिस्त असते ती ब्रिटनमधील पबांत हातपंपाने ओढून दिल्या जाणाऱ्या कास्क एलची, म्हणजे पिंपातच मुरणाऱ्या एका प्रकारच्या बिअरची. तिला ‘रिअल एल’ हे नाव रूढ केले ते १९७१ मध्ये स्थापन झालेल्या ‘कॅमरा’ या ग्राहक संघटनेने. ज्या पिंपातून बिअर ग्लासात येते त्याच पिंपात ती दुसऱ्यांदा आंबलेली असावी आणि ती देताना बाहेरून कार्बन डायऑक्साइड सोडलेला नसावा, एवढीच तिची मुख्य अट आहे. नेहमीची पिंपबंद लागर, म्हणजे आपल्याकडे सर्रास मिळणारी बिअर, गाळून यीस्टपासून मोकळी केलेली आणि वायूच्या दाबाखाली ठेवलेली असते. कास्क एल मात्र यीस्टसकट पबमध्ये येते आणि तिचे उरलेले काम तिथल्या तळघरात पुरे होते.

आपल्याकडून लंडनला गेलेला माणूस पहिल्या घोटालाच तक्रार करतो, की ही बिअर कोमट आहे आणि तिच्यातला वायू उडून गेला आहे. या दोन्ही तक्रारींत तथ्य नाही. तळघराचे तापमान ११ ते १३ अंश सेल्सिअस राखलेले असते, म्हणजे फ्रिजपेक्षा अधिक, पण माठातल्या पाण्यापेक्षा बरेच कमी. वायूचे गणित याच तापमानावर बेतलेले आहे. १२ अंशांना, साध्या वातावरणीय दाबाखाली, एक लिटर पाण्यात सुमारे १.१ लिटर कार्बन डायऑक्साइड विरघळलेला राहू शकतो आणि बिअरमध्ये थोडा कमी. मोकळ्या हवेशी समतोल साधून जेवढा वायू टिकतो, साधारण तेवढाच कास्क एलमध्ये असतो. लागरमध्ये तो याच्या दुपटीहून अधिक कोंबलेला असतो, आणि आपल्या जिभेला सवय तिची असते. ३० अंशांच्या खोलीत हेच प्रमाण पाऊण लिटरच्याही खाली घसरते, त्यामुळे तळघर ही इथे चैन नसून गरज आहे.

यॉर्कशायरमधील एका पबच्या तळघरात हा प्रकार मी जवळून पाहिला. सुमारे ४१ लिटरचे, म्हणजे ९ गॅलनांचे, ‘फर्किन’ घोडीवर आडवे निजवलेले होते. त्याच्या वरच्या बुचाला भोक पाडून त्यात बांबूची सच्छिद्र खुंटी ठोकताच तिच्या टोकावर करड्या फेसाचा फुगा आला आणि फुसफुसत बाजूने ओघळू लागला. तळघर सांभाळणारा माणूस दर काही तासांनी तो फेस पुसायचा. पुसल्यावर काही सेकंदांत नवा फेस आला, तर यीस्ट अजून साखर खात आहे. येणे थांबले, की बांबूची खुंटी काढून कठीण लाकडाची बसवायची, म्हणजे उरलेला वायू आत कोंडला जातो. त्या माणसाकडे मोजण्याचे यंत्र म्हणून एक फडके तेवढे होते.

पण माझा जीव अडकला आहे तो पिंपाच्या आत, बिअर आणि गाळ यांच्या मधल्या सीमेवर. यीस्टची पेशी सुमारे ५ मायक्रॉन व्यासाची असते आणि बिअरपेक्षा किंचितच जड असते. द्रवात कण किती वेगाने बुडतो हे सांगणाऱ्या स्टोक्सच्या नियमाने ढोबळ हिशेब केला, तर ती ताशी जेमतेम अडीच मिलिमीटर खाली उतरते. म्हणजे ४० सेंटिमीटर खोलीच्या पिंपाला तळ गाठण्यासाठी जवळपास आठवडा हवा. तोवर कोणतेही गिऱ्हाईक थांबणार नाही. हाच नियम मात्र असेही सांगतो, की बुडण्याचा वेग व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. पेशींचे गठ्ठे बांधता आले, तर आठवड्याचे काम एका दिवसावर येते. अडचण अशी, की यीस्टच्या पेशीभित्तीवर ऋणभार असतो आणि सारख्या भाराच्या पेशी एकमेकींना दूर लोटतात.

गढूळ पाण्यात तुरटी फिरवताना आपण नेमकी हीच अडचण सोडवतो: मातीचे कण ऋणभारित, तुरटीतील ॲल्युमिनियमचे आयन धनभारित. बिअरमध्ये तुरटीची जागा भोत घेतो. कोलॅजेनचा रेणू म्हणजे प्रथिनांच्या तीन साखळ्यांची तिपेडी वेणी, सुमारे ३०० नॅनोमीटर लांब आणि जेमतेम दीड नॅनोमीटर जाड. प्रत्येक प्रथिनाचा असा एक सामू (pH) असतो, जिथे त्याच्यावरील धन आणि ऋण भार एकमेकांना फिटतात. भोतातील कोलॅजेनसाठी तो साडेपाचच्या आसपास असतो. बिअरचा सामू चारच्या थोडा वर, म्हणजे याहून आम्लधर्मी. तिथे हायड्रोजनचे आयन वेणीला चिकटतात, तिच्या कार्बॉक्सिल गटांचा ऋणभार कमी होतो, अमिनो गटांचा धनभार मात्र कायम राहतो, आणि सबंध वेणी धनभारित होते. अशी लांब, ताठ वेणी अनेक पेशींना एकाच वेळी धरते आणि तिचे विरळ जाळे बिअरमधून खाली सरकताना वाटेतले यीस्ट गोळा करत जाते. पिंप हलले आणि गाळ वर आला, तरी हे जाळे पुन्हा बसते. असे एकाहून अधिक वेळा होऊ शकते. फक्त उष्णता त्याला मानवत नाही. २० अंशांच्या वर वेणीचे पेड उलगडू लागतात आणि हाती राहते ते जिलेटिन, ज्याला या कामात तितकेसे यश येत नाही. वायूसाठी राखलेले तळघराचे तापमान भोतालाही मानवते, हा योगायोग मला फार आवडतो.

पूर्वी हा माल रशियातील स्टर्जन माशाचा असे आणि तो महाग पडे. वाफेच्या इंजिनावर काम केलेल्या विल्यम मर्डॉक याने १७९५ च्या सुमारास कॉड माशापासून स्वस्त पर्याय काढला, तेव्हा लंडनच्या बिअर उत्पादकांनी त्याला २००० पौंड दिले. पुढे १८४२ मध्ये जॉन फोर्ब्स रॉयल या वनस्पतिशास्त्रज्ञाने हिंदुस्थानच्या किनाऱ्यावरील माशांपासून हा माल कसा मिळेल याविषयी सविस्तर लिहिले. म्हणजे आपल्या किनाऱ्यावरील माशांच्या भोताचा बिअरशी संबंध २०२१ च्या बातमीपेक्षा बराच जुना आहे.

ही बिअर शोधायची असेल, तर पबमध्ये शिरताच काउंटरवरचे उंच दांड्याचे हातपंप पाहावेत. हा पंप म्हणजे आपल्या हापशाचा चुलतभाऊ: वायूचा दाब नाही, दट्ट्याने बिअर वर ओढायची. पंप जितके जास्त तितका पब चांगला, असे मात्र समजू नये. एकदा तोटी ठोकली, की काढलेल्या प्रत्येक पिंटाच्या, म्हणजे अर्ध्या लिटरहून थोड्या मोठ्या ग्लासाच्या, जागी पिंपात हवा शिरते. ऑक्सिजनमुळे चव उतरू लागते, ॲसिटिक आम्ल बनवणारे जीवाणू अल्कोहोलचा सिरका करू लागतात, आणि साधारण तीन दिवसांत पिंप संपवावे लागते. ताडी ज्यांनी सकाळी आणि संध्याकाळी चाखली आहे त्यांना हे वेगळे सांगायला नको. रिकाम्या पबमधील दहा पंपांपेक्षा गजबजलेल्या पबमधील तीन पंप म्हणूनच अधिक भरवशाचे. यॉर्कशायरमधील किथलीच्या टिमथी टेलर या उत्पादकाची ‘लँडलॉर्ड’ ही बिअर पिंपात जोरात आंबते आणि तळघरात तिला इतरांपेक्षा अधिक वेळ द्यावा लागतो. ती चांगली लागली, तर तळघरातला माणूस जाणता आहे असे मी समजतो. चव पाहायला घोटभर मागितल्यास बहुधा कोणी नाही म्हणत नाही. जिवंत यीस्टमुळे ही बिअर प्रकृतीला उत्तम असते असे कोणी सांगू लागले, तर ते यीस्ट पिंपाच्या तळाशी राहते आणि ग्लासात अल्कोहोल येते, याची त्याला आठवण करून द्यावी.

शाकाहारी वाचकाचा प्रश्न एव्हाना मनात आला असेलच. भोताचा फार मोठा भाग गाळासोबत तळाशी राहतो, पण ज्याला तत्त्वतः तो नको आहे त्याचे एवढ्याने समाधान होत नाही. गिनेस या बिअर कंपनीने २०१५ मध्ये आपल्या बिअरमधून भोत काढून टाकण्याचे जाहीर केले. मात्र गिनेस गाळली जाते, त्यामुळे तिला ते सोपे गेले. कास्क एल बनवणारे काही लहान उत्पादक आता भोत न घालता पिंप पाठवतात आणि तसे पंपावरच्या पाटीवर लिहितात. अशा पबमध्ये ग्लास उजेडात धरला, तर पलीकडचे माणूस पुसट दिसते, आणि तो पिंट बिघडलेला नसतो.