बेम्प्टनच्या कड्यांवरील समुद्रपक्ष्यांचे छायाचित्रण

इंग्लंडच्या यॉर्कशर किनाऱ्यावर, फ्लॅम्बरो भूशिराच्या उत्तरेला, बेम्प्टनचे खडूच्या पांढऱ्या खडकाचे सुमारे १०० मी. उंच उभे कडे आहेत. विणीच्या हंगामात तिथे जवळपास ५ लाख समुद्रपक्षी जमतात: गॅनेट, किटीवेक, गिलेमॉट, रेझरबिल आणि पफिन. आरएसपीबी या पक्षिसंरक्षण संस्थेचे हे राखीव क्षेत्र असून कड्याच्या माथ्यावर कठडे घातलेले सज्जे आहेत. पक्ष्यांचे फोटो तिथूनच काढतात.

एकोणिसाव्या शतकात याच कड्यांखाली होड्यांतून येऊन लोक हौसेखातर पक्षी मारत. त्याविरुद्ध उठलेल्या आवाजातून १८६९ चा समुद्रपक्षी संरक्षण कायदा झाला. दोरावरून उतरून अंडी गोळा करण्याचा स्थानिक धंदा मात्र १९५४ च्या कायद्यापर्यंत चालला.

फोटोसाठी गॅनेट सर्वांत सोयीचा. समुद्रावरचा वारा कड्यावर आपटून वर चढतो आणि त्यावर हे पावणेदोन मीटर पंखविस्ताराचे पक्षी डोळ्यांसमोर जवळजवळ स्थिर तरंगतात. अशा वेळी साधी लेन्सही पुरते. खरी कसोटी त्यांच्या पांढऱ्या रंगाची. मागे गडद समुद्र असला की कॅमेरा फसतो आणि पिसांचे बारकावे धुऊन जातात, म्हणून एक्स्पोजर, म्हणजे कॅमेऱ्यात घेतला जाणारा प्रकाश, कमी करावे लागते. उजळ आकाशापुढे ते वाढवावे लागते. कड्यांचे तोंड उत्तर-ईशान्येला असल्याने त्यांवर ऊन सकाळीच पडते. दुपारी कडा सावलीत जातो.

पफिन बहुतांशी एप्रिल ते जुलैपर्यंतच दिसतात. इथे ते खडकांच्या कपारीत राहतात, त्यामुळे शोधायला चिकाटी लागते. गिलेमॉट घरटे बांधतच नाही. अरुंद कंगोऱ्यावर, उघड्या दगडावरच एक निमुळते अंडे घालतो. थवा दचकून उडाला तर अंडी आणि पिल्ले खाली कोसळतात, उरलेली कुरव पक्षी पळवतात. म्हणून कठड्याबाहेर झुकणे किंवा ड्रोन उडवणे अक्षम्यच मानले पाहिजे.

जवळून टिपलेल्या फोटोंना अभ्यासमूल्यही आहे. गॅनेटच्या घरट्यांत गवताबरोबर मासेमारीच्या जाळ्यांचे प्लॅस्टिकचे धागे गुंफलेले त्यांत स्पष्ट दिसतात. २०२२ च्या बर्ड फ्लूनंतर स्कॉटलंडमधील बास रॉक बेटावर काही गॅनेटांची फिकट निळी बुबुळे काळी पडलेली आढळली. रक्ततपासणीत अशा बहुतेक पक्ष्यांना हा रोग होऊन गेल्याचे निष्पन्न झाले. डोळा नीट फोकसमध्ये असलेल्या फोटोत हा फरक सहज ओळखता येतो.