शोधनिबंधाचा गोषवारा

शोधनिबंधाच्या आरंभी छापलेला, पण निबंधापासून सुटा केला तरी पूर्ण समजणारा छोटा मजकूर म्हणजे गोषवारा. त्याला सारांश असेही म्हणतात. हा शब्द फार्सीतून मराठीत आला आणि हिशेबाच्या वह्यांत रुळला. पानापानांवरच्या नोंदींची गोळाबेरीज एका जागी मांडणे हा तिथला अर्थ शोधनिबंधालाही चपखल बसतो. पबमेडसारख्या वैद्यकीय संशोधनलेखांच्या ऑनलाइन सूचीत शीर्षकाखाली एवढाच मजकूर दिसतो. पूर्ण लेख विकत घ्यावा लागत असेल, तर बहुतेकांचे वाचन तिथेच थांबते. लेख तपासायला घ्यायचा की नाही, हे परीक्षकही पुष्कळदा गोषवाऱ्यावरूनच ठरवतात. म्हणून ‘निष्कर्षांची चर्चा पुढे केली आहे’ असे वाक्य गोषवाऱ्यात निरुपयोगी ठरते. वाचकाकडे ‘पुढे’ नसतेच.

शब्दमर्यादा नियतकालिकागणिक बदलते. ‘सायन्स’मध्ये ती सुमारे १२५ शब्द आहे, ‘प्लॉस वन’मध्ये ३००. ‘अरखाइव्ह’ या शोधनिबंधांच्या ऑनलाइन संग्रहात शब्दांऐवजी १,९२० अक्षरचिन्हांची मर्यादा आहे. वैद्यकशास्त्रात उद्देश, पद्धती, निष्पत्ती (हाती आलेले परिणाम), निष्कर्ष अशा उपशीर्षकांचा रचनाबद्ध गोषवारा १९८७ पासून रुजत गेला. कोणाला कोणता उपचार द्यायचा हे चिठ्ठी टाकल्यासारखे ठरवतात, त्या यादृच्छिक चाचण्यांच्या गोषवाऱ्यात कोणत्या बाबी हव्यातच, याची ‘कन्सॉर्ट’ या अहवाल-लेखनाच्या मार्गदर्शक तत्त्वांतली यादी २००८ मध्ये आली. उपशीर्षके मागितलेली नसली, तरी लिहिताना ती मनाशी धरावीत आणि शेवटी काढून टाकावीत. त्यामुळे एखादा भाग राहून जात नाही.

२५० शब्दांपैकी पार्श्वभूमी व उद्देशाला ४० ते ५०, पद्धतीला ६०, निष्पत्तीला १०० आणि निष्कर्षाला ४० शब्द द्यावेत. नवख्या लेखकांच्या हातून हे प्रमाण उलटे होते: विषयाचे महत्त्व सांगण्यात निम्मी जागा जाते आणि निष्पत्तीच्या वाट्याला एक वाक्य उरते. गोषवारा वरून खाली लिहीत गेल्यामुळे हे घडते. लेख पूर्ण झाल्यावर आधी मुख्य तक्त्यातले तीन-चार आकडे कागदावर उतरवावेत, त्यांची वाक्ये करावीत, मग ते आकडे समजण्यापुरती पद्धत लिहावी. उद्देश आणि निष्कर्ष शेवटी.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. ‘सदर संशोधनामध्ये कांदा साठवणुकीच्या विविध पद्धतींचा तुलनात्मक अभ्यास करण्यात आला असून पद्धतीनुसार लक्षणीय फरक आढळून आला आहे.’ वाक्य व्याकरणशुद्ध आहे, पण किती फरक, कशात आणि कोणत्या बाजूने, यांतले काहीच कळत नाही. तेच असे लिहिता येते: ‘चार महिन्यांनंतर तळातून हवा खेळणाऱ्या १२ चाळींत कांद्याच्या वजनात सरासरी २८ टक्के घट झाली, बंद तळाच्या १२ चाळींत ४१ टक्के (फरक १३ टक्केबिंदू, ९५ टक्के विश्वास अंतराल ८ ते १८).’ विश्वास अंतराल म्हणजे खरा फरक ज्या पट्ट्यात असण्याची शक्यता आहे तो पट्टा. आता वाचक स्वतः निर्णय घेऊ शकतो. ‘सदर’, ‘संशोधनामध्ये’, ‘करण्यात आला असून’ हे शब्द काढले की आकड्यांना जागा आपोआप मिळते. फरक संख्याशास्त्रीयदृष्ट्या लक्षणीय (निव्वळ योगायोग नसावा असा) आहे एवढेच म्हणणे अपुरे. तो किती मोठा आहे, हे सांगायलाच हवे.

सर्वांत घातक चूक विसंगतीची. सहा वैद्यकीय नियतकालिकांची एक तपासणी १९९९ मध्ये प्रसिद्ध झाली. मूळ लेखाशी न जुळणारी किंवा लेखात मुळीच नसलेली माहिती त्यांतल्या १८ ते ६८ टक्के गोषवाऱ्यांत सापडली. प्रमाण नियतकालिकागणिक वेगळे होते. असे होण्याची वाट सरळ आहे: परीक्षकांच्या सूचनेनंतर काही नमुने वगळले जातात, तक्ते बदलतात, गोषवारा मात्र जुनाच राहतो. त्यामुळे अंतिम मसुदा पाठवण्यापूर्वी गोषवाऱ्यातल्या प्रत्येक आकड्याखाली रेघ मारून तो तक्त्याशी ताडून पाहावा. शक्यतो हे काम सहलेखकाकडे द्यावे. स्वतःची चूक स्वतःच्या नजरेतून निसटते.

दुसरी चूक नैतिक आहे. २०१० मध्ये ७२ चाचण्यांचे अहवाल तपासले गेले. त्या सर्वांत मुख्य निष्पत्ती संख्याशास्त्रीय कसोटीवर उतरली नव्हती, तरी सुमारे ५८ टक्के गोषवाऱ्यांच्या निष्कर्षात उपचाराला अनुकूल कल दिलेला आढळला. मुख्य निष्पत्ती नकारात्मक असेल तर तीच आधी लिहावी.

संदर्भ-क्रमांक आणि आकृत्यांचे उल्लेख गोषवाऱ्यात टाळावेत. संक्षेप पहिल्यांदा येतो तिथे पूर्ण रूप द्यावे. तो पुन्हा येणार नसेल तर वापरूच नये. खाली दिले जाणारे तीन ते सहा बीजशब्द (लेख शोधण्यासाठीचे ‘कीवर्ड’) निवडताना शीर्षकातलेच शब्द पुन्हा न देता पर्यायी नावे द्यावीत, उदाहरणार्थ पिकाचे शास्त्रीय नाव.

मराठी लेखासोबत पुष्कळदा इंग्रजी गोषवाराही मागतात. तो मराठीवरून शब्दशः उतरवला की वाक्ये लांबतात आणि मर्यादा ओलांडली जाते. त्याच तीन-चार आकड्यांपासून तो नव्याने लिहावा आणि दोन्हींतले आकडे शेजारी ठेवून जुळवावेत.