ब्रोकन हिल

ब्रोकन हिल : ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्स राज्यातील, अगदी पश्चिम टोकाचे जुने खाणशहर. चांदी, शिसे आणि जस्त यांच्या जगातील सर्वांत समृद्ध साठ्यांपैकी एकावर ते वसले आहे. लोकसंख्या सुमारे साडेसतरा हजार (२०२१); पहिल्या महायुद्धाच्या सुमारास ती याच्या जवळजवळ दुप्पट होती. राज्याची राजधानी सिडनी इथून रस्त्याने साधारण १,१५० किमी. दूर, तर शेजारच्या राज्याची राजधानी ॲडलेड ५०० किमी.वर. त्यामुळे सरकार सिडनीचे आणि घड्याळ ॲडलेडचे, असा इथला कारभार आहे. हे घड्याळ सिडनीच्या अर्धा तास मागे चालते. भारतीय प्रमाणवेळेलाही तोच अर्ध्या तासाचा फाटा असल्याने, उन्हाळी वेळ लागू नसते तेव्हा ब्रोकन हिल आपल्या बरोबर ४ तास पुढे असते.

नावाचा अर्थ ‘मोडकी टेकडी’. ती टेकडी पाहायला म्हणून कोणी आले, तर ती सापडणार नाही. तिच्या पोटातले धातुक, म्हणजे धातू असलेला दगड, काढता काढता टेकडीच संपली. आज शहराच्या मधोमध जो काळपट, लांबलचक उंचवटा दिसतो, तो खाणीतून उपसून टाकलेल्या दगडमातीचा ढीग आहे. शहर त्याच्या दोन्ही अंगांना पसरले आहे.

हा सारा भाग विल्याकाली या आदिवासी समाजाचा. शोधप्रवासी चार्ल्स स्टर्ट १८४४ मध्ये इथून गेला. खंडाच्या मधोमध समुद्र असेल या आशेने त्याने सोबत एक होडीही आणली होती. आणि वाट अडवणाऱ्या या डोंगररांगेला त्याने ‘बॅरिअर रेंज’, म्हणजे आडकाठीची रांग, असे नाव दिले. पुढे इथे मेंढ्यांची अवाढव्य कुरणे झाली. त्यांपैकी माउंट गिप्स कुरणाच्या कुंपणावर गस्त घालणारा घोडेस्वार चार्ल्स रॅस्प याने सप्टेंबर १८८३ मध्ये टेकडीवरचे काळे दगड कथिलाचे समजून दोन सोबत्यांसह तिथे खाणीच्या हक्काचे खुंट ठोकले. लवकरच कुरणाचा व्यवस्थापक धरून सात भागीदार झाले. कथिल निघाले नाही, पण पुढे चांदी लागली. १८८५ मध्ये स्थापन झालेल्या ‘ब्रोकन हिल प्रोप्रायटरी’ कंपनीची आद्याक्षरे म्हणजेच आजची जगप्रसिद्ध खाणकंपनी ‘बीएचपी’. या कंपनीने १९३९ मध्येच गाव सोडले; नाव मात्र जगभर नेले. सुरुवातीच्या काळातला एक चौदांश हिस्सा सिडनी किडमन या गुरांच्या व्यापाऱ्याने दहा बैल देऊन घेतला आणि थोडक्या नफ्यात विकूनही टाकला. तो ठेवला असता तर काय, हा हिशेब इथे अजून मांडला जातो.

धातुकाचा पट्टा बूमरँगसारखा वाकलेला, सुमारे ७ किमी. लांबीचा आहे. त्यातून ३०० हून अधिक प्रकारची खनिजे नोंदली गेली. एकाला रॅस्पच्या नावावरून ‘रॅस्पाइट’ म्हणतात. चांदी आणि शिसे काढून झाल्यावर उरलेल्या गाळात जस्त मोठ्या प्रमाणावर अडकून राही. ते सोडवण्याच्या खटपटीतून विसाव्या शतकाच्या आरंभी इथे फेस-तरण पद्धत आकाराला आली : दळलेले धातुक पाण्यात घोळवून त्यात बुडबुडे उठवायचे, म्हणजे हवे ते कण फेसाला चिकटून वर येतात आणि माती तळाशी बसते. आज जगभरच्या धातुकारखान्यांत हीच पद्धत वापरली जाते.

शहराचा दुसरा वारसा कामगारांचा. १८९२, १९०९ आणि १९१९-२० असे तीन मोठे संप झाले. शेवटचा तब्बल अठरा महिने चालला आणि त्यातून खाणकामगारांनी आठवड्याला ३५ तासांचे काम पदरात पाडून घेतले. त्या काळी ही गोष्ट इतरत्र कोणाच्या ध्यानीमनीही नव्हती. त्यामागे काय होते, हे ढिगाऱ्याच्या माथ्यावरच्या खाणकामगार स्मारकात उभे राहिले की कळते. गंजक्या रंगाच्या पोलादी भिंतींमधली ही अरुंद वाट २००१ मध्ये खुली झाली. आत ८०० हून अधिक मृतांची नावे आहेत आणि प्रत्येक नावाशेजारी मृत्यूचे कारण : दरड कोसळून, खाणीच्या उभ्या विहिरीत पडून, सुरुंगाने, शिशाच्या विषबाधेने. वाचत पुढे सरकावे तशी कारणे तीच तीच येत राहतात, नावे बदलतात. बाहेर आले की खाली पत्र्याच्या छपरांचे अख्खे गाव दिसते. पर्यटकांनी सुरुवात इथूनच करावी. गावातले बाकी सगळे मग आपोआप उलगडत जाते.

खाली उतरल्यावर रस्त्यांच्या पाट्या पाहाव्यात. मुख्य रस्ता अर्जंट स्ट्रीट, म्हणजे चांदीचा. त्याला छेदणारे किंवा समांतर जाणारे ऑक्साइड, क्लोराइड, ब्रोमाइड, आयोडाइड, सल्फाइड, कोबाल्ट, मायका. शाळेच्या प्रयोगशाळेतले फडताळ उघडल्यासारखे वाटते. अर्जंट स्ट्रीटवरचे पॅलेस हॉटेल १८८९ मध्ये दारूबंदीवाद्यांनी कॉफीगृह म्हणून बांधले. तहानलेल्या खाणकामगारांच्या गावात कॉफी फारशी चालली नाही आणि काही वर्षांतच तिथे दारूचा परवाना आला. आतल्या भिंतींवर व छतांवर नंतर रंगवलेली भडक निसर्गचित्रे हे आज त्याचे आकर्षण आहे. कामगार संघटनांचे ट्रेड्स हॉल, सल्फाइड स्ट्रीटवरचे जुने रेल्वेस्थानक (आता संग्रहालय) आणि खनिज संग्रहालय ही जवळजवळची ठिकाणे चालत पाहता येतात. १९०४ मध्ये सुरू झालेले कलादालन राज्यातील प्रादेशिक कलादालनांत सर्वांत जुने. खाणीत काम करून चित्रकार झालेल्या प्रो हार्ट (१९२८–२००६) यांचे दालन वेगळे आहे. विमानतळावर विमानातून वैद्यकीय सेवा देणाऱ्या ‘रॉयल फ्लाइंग डॉक्टर सर्व्हिस’चा तळ आहे, शेकडो किलोमीटरवरच्या एकाकी वस्त्यांना दवाखाना म्हणजे हाच. जानेवारी २०१५ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय वारसा यादीत अख्खे शहर समाविष्ट झाले. असा मान मिळालेले ते त्या देशातील पहिलेच.

भारतीय वाचकाने चुकवू नये अशी जागा मात्र उत्तर भागात, वस्तीच्या कडेला आहे : १८९१ ची मशीद. मनोरे नाहीत, घुमट नाही. पन्हळी पत्र्याची, गेरूच्या रंगाची, आपल्याकडच्या जुन्या गोदामाएवढी खोली. शेजारी नमाजाआधी पाय धुण्याची जागा आणि भोवती झाडे. रेल्वे येण्याआधी आणि आल्यावरही, जिथे रूळ नव्हते तिथला माल उंटांवरून जाई. हे उंट आणि त्यांचे हाकारे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कराची बंदरातून मोठ्या संख्येने आणले गेले. कराची तेव्हा मुंबई इलाख्यात होती, म्हणजे एका अर्थी हे तांडे आपल्याच इलाख्याच्या धक्क्यावरून जहाजावर चढले. माणसे बहुतेक वायव्य सरहद्द, बलुचिस्तान, पंजाब, अफगाणिस्तान अशा भागांतली. ऑस्ट्रेलियात सगळ्यांना एकाच नावाने ‘अफगाण’ म्हणत. त्यांना गावात राहू दिले जात नसे, उंटांचा तळ बाहेर असे. त्या तळावरची ही मशीद १९६० च्या दशकात इतिहास मंडळाने वाचवली आणि आज ती छोटे संग्रहालय म्हणून उघडली जाते.

याच तळाशी एक रक्तरंजित घटना जोडलेली आहे. १ जानेवारी १९१५ रोजी सुमारे १,२०० लोक रेल्वेच्या धातुक वाहणाऱ्या उघड्या वाघिणींत बाके टाकून सिल्व्हर्टनला सहलीला निघाले होते. गूल महंमद हा आइसक्रीम विकणारा आणि मुल्ला अब्दुल्ला हा कसाईकाम करणारा धर्मगुरू, या दोघांनी, महायुद्धात जर्मनीच्या बाजूने असलेल्या तुर्कस्तानचा झेंडा लावून, गाडीवर गोळीबार केला. पुढच्या चकमकीसह चार जण मारले गेले, सात जखमी झाले आणि दोघे हल्लेखोरही ठार झाले. अब्दुल्लावर परवान्याशिवाय जनावरे कापल्याबद्दल नुकताच खटला झाला होता. युद्धाचा आवेश आणि गावातला अपमान यांतले कशाचे पारडे जड होते, यावर अजून वाद घातला जातो. त्या रात्री जमावाने जाळला तो मात्र जर्मन क्लब. हल्लेखोरांनी आसरा घेतला ते पांढरे खडक आणि तिथे ठेवलेली आइसक्रीमच्या गाडीची प्रतिकृती पाहता येते.

सहलीची ती रेल्वेगाडी जिथे चालली होती ते सिल्व्हर्टन शहरापासून सुमारे २५ किमी.वर आहे. १८८० च्या दशकाच्या मध्यास तिथे तीन हजार माणसे होती. ब्रोकन हिलचा पट्टा सापडताच लोक घरे उचकटून, गाड्यांवर लादून तिकडे गेले. आज थोडकी कुटुंबे, एक दारूगुत्ता, जुना तुरुंग (संग्रहालय), ओसाड चर्च आणि रस्त्यावर मोकळी फिरणारी गाढवे. १९८१ च्या ‘मॅड मॅक्स २’ चे चित्रीकरण याच परिसरात झाले आणि त्याचेही संग्रहालय इथे आहे. गावापलीकडे काही किलोमीटरवर मुंडी मुंडी मैदानाचा सज्जा. क्षितिज इतके रुंद की पृथ्वीची गोलाई दिसते, असे स्थानिक लोक छातीठोकपणे सांगतात. डोळ्यांचा भास म्हणा, पण सूर्यास्ताला तिथे उभे राहून वाद घालवत नाही. वाटेवर डेड्रीम ही १८८२ ची खाण लागते. डोक्याला दिवा लावून, वाकून, ठेचकाळत खाली उतरावे लागते. ज्यांचे गुडघे कुरकुरतात त्यांनी विचार करावा. स्मारकातली नावे मात्र इथे अंगावर येतात.

शहराभोवतीची हिरवळ नैसर्गिक वाटते, तशी ती नाही. पहिल्या पन्नास वर्षांत खाणीतल्या टेकूंसाठी आणि सरपणासाठी झाडे तोडली गेली, उरलेले मेंढ्या, बकऱ्या आणि सशांनी फस्त केले. वाळू घरांच्या कुंपणांवर चढू लागली. धातुपारखी म्हणून नोकरी करणारा आणि वनस्पतींचा नाद असलेला अल्बर्ट मॉरिस आणि त्याची पत्नी मार्गारेट यांचे म्हणणे साधे होते : लावू नका, फक्त कुंपण घाला. १९३६ पासून खाणकंपन्यांच्या मदतीने शहराच्या कडेने पट्टे बंदिस्त झाले. सशांना आत येता आले नाही आणि जमिनीत पडून असलेले बी आपोआप उगवले. मॉरिस १९३९ मध्ये वारला. कुंपणाचे कडे १९५८ च्या सुमारास पुरे झाले. या पट्ट्यांतून सकाळी पायी फिरणे हा इथला सर्वांत स्वस्त आणि माझ्या मते सर्वांत शहाणा कार्यक्रम.

थोडे लांब, साधारण १० किमी.वर ‘लिव्हिंग डेझर्ट’ हे राखीव क्षेत्र आहे. १९९३ मध्ये वेगवेगळ्या देशांतल्या शिल्पकारांनी इथल्या टेकडीवर एकत्र राहून वालुकाश्माची १२ शिल्पे घडवली. बार्किंजी समाजाचे बॅजर बेट्स यांनी इंद्रधनुषी सर्प कोरले. संध्याकाळी दगड तांबूस होत जातो तेव्हा टेकडीवर गर्दी असते. पहाटे शिल्पे आणि कांगारू तेवढेच. खालच्या बंदिस्त भागात पायवाटा आहेत. पाऊस बरा झाला असेल तर स्टर्ट डेझर्ट पी या वेलीची रक्तासारखी लाल, मध्ये काळा डोळा असलेली फुले दिसतात.

लांबच्या भटकंतीत दोन ठिकाणे मुख्य. ईशान्येला सुमारे १३० किमी.वर मुतविंत्जी राष्ट्रीय उद्यान : लाल घळी, पाणसाठे आणि हाताचे ठसे व कोरीव खुणा असलेली गुहाचित्रे. १९९८ मध्ये हे उद्यान मूळ मालक असलेल्या आदिवासींना परत देण्यात आले, राज्यात असे पहिल्यांदाच घडले. मुख्य चित्रस्थळी त्यांच्या वाटाड्याशिवाय जाता येत नाही. आग्नेयेला ११० किमी.वर मेनिंडीचे तलाव आणि किंचेगा राष्ट्रीय उद्यान. तिथली लोकर कातरण्याची जुनी लाकडी शेड १९६७ पर्यंत वापरात होती. पक्षीनिरीक्षणाला जागा उत्तम, पण डार्लिंग नदीचे हाल विसरता येत नाहीत. मार्च २०२३ मध्ये इथेच लाखो मेलेल्या माशांनी पात्र पांढरे झाले होते. शहराचे पाणी पूर्वी याच तलावांतून येई; २०१९ पासून ते २७० किमी. लांबीच्या नळाने मरी नदीवरून येते.

फिरण्यास एप्रिल ते सप्टेंबर हा काळ बरा. इथल्या उन्हाळ्यात, म्हणजे डिसेंबर ते फेब्रुवारीत, पारा ४० अंशांपुढे जातो आणि वर्षाचा पाऊस जेमतेम २५० मिमी.; पण तेवढ्या पावसानेही कच्चे रस्ते चिखलाने बंद होतात आणि बंद रस्त्यावर गाडी घातली तर दंड बसतो. संध्याकाळनंतर महामार्गावर गाडी चालवू नये, कांगारू आणि इमू अचानक आडवे येतात. खाणी अजून चालू आहेत आणि धुळीत शिसे आहे, म्हणून मुलांना मातीत खेळू दिल्यावर जेवणाआधी हात धुवून घेण्याचा सल्ला इथे पाहुण्यांनाही दिला जातो.