जिभेचा कर्करोग: शस्त्रक्रियेनंतरची पाच वर्षे

अकबराचा दूत असद बेग विजापूरहून १६०४ च्या सुमारास तंबाखू घेऊन परतला, म्हणजे हे व्यसन आपल्या मुलखात मोगल दरबाराच्याही आधीचे. पुढे बेळगाव जिल्ह्यातल्या निपाणी-चिकोडीचे संसारच तंबाखूवर उभे राहिले. १९८१ मध्ये भावासाठी शेतकऱ्यांनी इथला महामार्ग अडवला, गोळीबारात माणसे गेली. कर्नाटकात २०१३ पासून गुटखाबंदी आहे. बार भरणे आणि मिश्री लावणे मात्र चालूच, आणि तोंडाचा, जिभेचा कर्करोग त्यातूनच येतो.

जिभेची गाठ काढली की सुटलो, असे पेशंटला वाटते. पूर्वी डॉक्टरांनाही काहीसे तसेच वाटे. हा रोग मानेतल्या लसिका गाठींत (लिम्फ नोड) उतरतो हे ओळखून अमेरिकन सर्जन क्राइल यांनी १९०६ मध्ये मानेची शस्त्रक्रिया मांडली. १९५३ मध्ये डॉ. स्लॉटर आणि सहकाऱ्यांना कर्करोगाच्या गाठीभोवतीचे, वरून निरोगी दिसणारे तोंडाचे अस्तरही बिघडलेले आढळले. वर्षानुवर्षे तंबाखूत मुरलेल्या तोंडात दुसरीकडे नवा कर्करोग उगवू शकतो, तो यामुळेच. मग २०१५ मध्ये मुंबईच्या टाटा रुग्णालयाने दाखवून दिले की सुरुवातीच्या टप्प्यातच मानेच्या गाठीही काढल्या, तर तीन वर्षांनी ८० टक्के रुग्ण जिवंत असतात. मानेत गाठ दिसेपर्यंत थांबले, तर ६७.५ टक्के.

रोग उलटतो तो बहुतेकदा पहिल्या दोन वर्षांत. म्हणून पहिल्या वर्षी दर एक ते तीन महिन्यांनी बोलावतात, दुसऱ्या वर्षी दोन ते सहा, पाचव्या वर्षापर्यंत चार ते आठ महिन्यांनी, नंतर वर्षातून एकदा. तपासणी साधी असते: तोंड बघायचे, मान हाताने चाचपायची. स्कॅन लागेल तेव्हाच. मानेला रेडिएशन दिले असेल तर थायरॉइडची रक्ततपासणीही हवी, आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय दात काढायचा नाही.

सीमाभागात घोडे अडते ते इथेच. ऑपरेशन मुंबईला किंवा मिरजेला, घर खानापुरात. महाराष्ट्राने २०२३ मध्ये मोफत उपचारांची महात्मा फुले जनआरोग्य योजना ८६५ सीमावर्ती गावांना लागू करायचे ठरवले, कर्नाटकाने विरोध केला. योजनेवरून भांडण झाले. दर दोन महिन्यांच्या एसटी भाड्याचा आणि बुडालेल्या रोजाचा विषय कुणी काढलाच नाही. बेळगावात केएलईचे कॅन्सर रुग्णालय जानेवारी २०२५ मध्ये सुरू झाले आहे. मधल्या तपासण्या जवळच्या तज्ज्ञाकडे होतील का, हे मूळ सर्जनला विचारून घ्यावे. ऑपरेशनची नोंद, बायोप्सीचा अहवाल आणि रेडिएशनचा तपशील यांच्या झेरॉक्स तेवढ्या जवळ हव्यात.