पोरांना ऑपेरा दाखवायचा की पोरांकडून गाऊन घ्यायचा?

ऑपेरा म्हणजे गाण्यातून गोष्ट सांगणारं पाश्चात्य संगीत नाटक. 'मुलांसाठी ऑपेरा' असं कुठं दिसलं की आपण धरून चालतो सगळं एकच असणार. पण त्या एका नावाखाली दोन पार वेगळ्या गोष्टी चालतात, आणि उद्या मे महिन्यात कोल्हापुरात कुणी बालनाट्य शिबिरात असलं काही करायचं मनावर घेतलं तर हा फरक आधीच कळलेला बरा, नाहीतर घोळ ठरलेला. एक म्हणजे मोठ्यांचा ऑपेरा कापून छोटा केलेला, आणि दुसरा म्हणजे पोरं गायल्याशिवाय जो पुढंच सरकत नाही असा.

पहिला प्रकार समजायला सोपा. मोझार्ट या संगीतकाराचा 'मॅजिक फ्लूट' (व्हिएन्ना, १७९१) अख्खा केला तर मध्यंतर धरून तीन तासांच्या आसपास जातो, तर न्यूयॉर्कचं मेट्रोपॉलिटन ऑपेरा नाताळच्या सुट्टीत त्याचा शंभरेक मिनिटांचा खेळ लावतं, तोही मूळ जर्मन सोडून इंग्रजीत. जर्मनीत बायरॉइटला २००९ पासून वॅग्नर या संगीतकाराचे ऑपेरेसुद्धा मुलांसाठी छोटे करून होतात! ज्याचे काही ऑपेरे चार-पाच तास चालतात त्याला कात्री लावायची म्हणजे काय काम असेल बघा. पण मुद्दा असा की इथं पोरगं प्रेक्षकच राहतं. गाणारे तयारीचे, माइक नाही, सोबतच्या वाद्यवृंदाच्या वरून आवाज शेवटच्या रांगेपर्यंत. आपल्या संगीत नाटकातले जुने नटही असंच गायचे, पण आताच्या पोरांच्या कानावर बिनमाइकचा आवाज पडतोच कुठं, त्यामुळं नुसतं बसून ऐकणं काही कमी नाही.

दुसऱ्या प्रकाराचं ठळक उदाहरण म्हणजे बेंजामिन ब्रिटन या इंग्रज संगीतकाराचा 'लिटल स्वीप', इंग्लंडमधे ऑल्डबरा इथं १९४९ साली झालेला. धुराडं साफ करायला आत चढवलेला एक लहान पोरगा तिथंच अडकतो आणि घरातली मुलं त्याला सोडवतात, एवढीच गोष्ट. गंमत म्हणजे यातली चार गाणी प्रेक्षकांनी म्हणायची, आणि त्याची तालीम खेळाआधी तिथंच थिएटरात कंडक्टर, म्हणजे वादक-गायकांना हातानं ताल दाखवणारा, घेतो. एका गाण्यात तर प्रेक्षकांचे चार गट पाडतात, कुणी घुबड, कुणी बगळा, कुणी होला, कुणी चॅफिंच नावाचा छोटा पक्षी, आणि ज्यानं त्यानं आपापला आवाज काढायचा. पुढं १९५८ मधे त्यानंच बायबलातल्या महापुराच्या गोष्टीतल्या नोहाच्या नावेवर एक ऑपेरा केला, त्यात पोरं जनावरं होतात आणि पावसाचे पहिले थेंब वाजतात ते दोरीला टांगलेल्या कपांवर. आपण जलतरंग ऐकलेली माणसं, आपल्याला हे लगेच पटतं.

आता कोल्हापुरात कुणीतरी म्हणणारच की आमचे केशवराव भोसले लहानपणीच 'संगीत शारदा'त शारदा करून गाजले, मग यात नवीन ते काय राव? तर ते कंपनीत तालमी करून तयार झालेले बालनट होते, गळा आधीच कमावलेला. इथं गायचं आहे ते समोर बसलेल्या कुठल्याही पोरानं, अगदी बेसूर असलं तरी.

दोन्हीची सरमिसळ पण होते म्हणा. इटलीत 'ओपेरा दोमानी' म्हणून उपक्रम आहे, त्यात नावाजलेला ऑपेरा छोटा करतात, शाळेत बाई-सर गाणी आधी बसवून घेतात आणि खेळाच्या दिवशी पोरं जागेवरून गातात. मला विचाराल तर शिबिरासाठी हाच रस्ता, आणि तोही 'मॅजिक फ्लूट' घेऊन. त्यात मधे मधे सरळ बोलणं आहे, त्यामुळं संगीत नाटक बघितलेल्या आजी-आजोबांनाही परकं वाटणार नाही. पापागेनो नावाचा पाखरं धरणारा पाच सुरांची पुंगी वाजवतो, ते सूर पोरांनी ऐकून परत म्हणायचे. थापा मारल्या म्हणून त्याच्या तोंडाला कुलूप लावतात आणि तो नुसता 'हम् हम्' करत गातो, हे तर पहिलीतलं पोरगंही करेल आणि दिवसभर घरात करत बसेल, आयांनी तयारी ठेवावी. मग जादूची घुंगरं वाजली की दुष्ट माणसं आपोआप नाचायला लागतात. त्यातल्या 'रात्रीची राणी' या पात्राचं ते उंच उंच सुरांतलं गाणं मात्र पोरांच्या गळ्यात मारू नका, ते रेकॉर्डवरच ऐकवा.

खर्चाचं म्हणाल तर 'लिटल स्वीप'ला वादक मोजकेच लागतात, चार तंतुवाद्यं, एका पियानोवर दोघं आणि तालवाद्यं. पण ब्रिटन गेला १९७६ ला, त्याचं संगीत अजून कॉपीराइटमधे आहे, परवानगी काढा, पैसे भरा. मोझार्टच्या चाली पेटीवर बसवा नाहीतर कीबोर्डवर, मराठीत शब्द घाला, कुणी विचारायला येणार नाही.