फोनचा पडदा चालतो आहे तोवर एडीबी बसवून घ्या

ग्राहकांसाठी माहितीपत्रक

फोन हातातून पडला, पडदा काळा झाला, पण कुणी कॉल केला की रिंग वाजते. म्हणजे आतला बोर्ड शाबूत आहे आणि फोटो जागच्या जागी आहेत. अडचण एवढीच, की फोनला काही सांगायची सोय उरलेली नाही. आमच्या दुरुस्तीच्या दुकानात असा फोन घेऊन कुणी आले की आमचा पहिला प्रश्न असतो: यूएसबी डीबगिंग (केबलने जोडलेल्या संगणकावरून फोनला आज्ञा देण्याची सोय) चालू होते का, आणि कुठल्या संगणकाला परवानगी दिली होती? दोन्हींचे उत्तर मिळाले तर बऱ्याचदा केबल जोडून, एडीबी या संगणकावरच्या साधनाने फोटो घरीच उतरवता येतात. नाही मिळाले, तर आधी पडदा बदला आणि मग डेटा काढा, असा लांबचा रस्ता धरावा लागतो. हे पत्रक वाचून आमचे एक काम कमी झाले तरी चालेल.

येथे दिलेले अँड्रॉइड फोनबद्दल आहे. आयफोनसाठी 'लिबआयमोबाइलडिव्हाइस' हा वेगळा संच लागतो. त्याने बॅकअप घेता येतो, पण फोनवर इतका ताबा मिळत नाही.

संगणकावर

एडीबी म्हणजे अँड्रॉइड डीबग ब्रिज. गूगलने ॲप बनवणाऱ्यांसाठी दिलेले हे मोफत साधन आहे. पूर्वी त्यासाठी अख्खे एसडीके, म्हणजे ॲप बनवण्याच्या साधनांचा पूर्ण संच, उतरवावे लागे. 2017 पासून 'एसडीके प्लॅटफॉर्म टूल्स' ही छोटी झिप फाइल स्वतंत्रपणे मिळते. ती अँड्रॉइडच्या अधिकृत डेव्हलपर संकेतस्थळावरूनच घ्या. 'एका क्लिकमध्ये एडीबी' छापाचे इंस्टॉलर घेऊ नका. ज्या साधनाच्या हाती फोनच्या चाव्या द्यायच्या, ते कुठून आले हे माहीत असायला हवे.

या पत्रकात कमांड (टाइप करून द्यायच्या आज्ञा) उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत. टाइप करताना त्या इंग्रजीत, लहान अक्षरांत आणि शब्दांमध्ये एक स्पेस सोडून द्यायच्या.

विंडोजवर झिप उघडून 'प्लॅटफॉर्म टूल्स' हा फोल्डर सी ड्राइव्हवर ठेवा. फोल्डर उघडा, वरच्या पत्त्याच्या पट्टीत 'सीएमडी' टाइप करा आणि एंटर दाबा. काळी खिडकी नेमकी त्याच फोल्डरमध्ये उघडते. इतर ठिकाणी तुम्हाला 'पाथ' बदलायला सांगतील. रोज वापरणार नसाल तर त्या भानगडीत पडू नका. मॅकवर ड्रायव्हर लागत नाही, झिप उघडून टर्मिनलमधून चालवता येते. फक्त 'एडीबी'च्या आधी टिंब आणि तिरकी रेघ (./) द्यावी लागते. उबुंटू किंवा डेबियनवर 'सुडो एपीटी इन्स्टॉल एडीबी' एवढे पुरते.

'एडीबी व्हर्जन' टाइप करून आवृत्तीचा आकडा दिसला, की संगणकाकडचे काम झाले.

फोनवर

सेटिंग्जमध्ये 'अबाउट फोन' उघडा आणि 'बिल्ड नंबर'वर सात वेळा टिचकी मारा. काही फोनमध्ये हा नंबर आणखी एक पायरी आत, 'सॉफ्टवेअर इन्फर्मेशन'मध्ये असतो. पिन विचारून झाला की 'डेव्हलपर ऑप्शन्स' हा लपवलेला विभाग उघडतो. अँड्रॉइड 4.2 पासून तो मुद्दाम असा दडवलेला आहे, चुकून कुणाचा हात लागू नये म्हणून. त्यात 'यूएसबी डीबगिंग' चालू करा. या पत्रकात पुढे सांगितलेले पर्याय सोडून बाकीच्या डझनावारी बटणांना हात लावू नका.

सॅमसंगच्या फोनवर हे बटण फिकट दिसत असेल, तर सुरक्षेच्या सेटिंगमधला 'ऑटो ब्लॉकर' चालू आहे असे समजा. तो बंद केल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

पहिली जोडणी

केबल जोडा आणि 'एडीबी डिव्हायसेस' द्या. फोनवर एक चौकट येते: या संगणकाला परवानगी द्यायची का? 'नेहमी परवानगी द्या' या चौकोनात खूण करून होकार द्या. आमच्या मते साऱ्या खटाटोपात मोलाची पायरी हीच. पडदा फुटल्यावर ही चौकट दिसत नाही, आणि दिसली नाही तर होकार देता येत नाही.

आता तीच कमांड पुन्हा द्या. फोनच्या क्रमांकापुढे 'डिव्हाइस' असा शब्द आला तर सगळे जुळले. 'अनऑथोराइज्ड' आले तर फोनवरची परवानगी राहिली आहे. 'ऑफलाइन' आले तर केबल काढून पुन्हा लावा. लिनक्सवर 'नो परमिशन्स' दिसले तर 'अँड्रॉइड एसडीके प्लॅटफॉर्म टूल्स कॉमन' हे पॅकेज (नावात स्पेसऐवजी आडवी रेघ '-') बसवून फोन पुन्हा जोडा.

यादी कोरीच आली तर आधी केबल बदला. काही केबलमध्ये फक्त चार्जिंगच्या तारा असतात. फोन चार्ज होतो म्हणून केबल चांगली आहे असे ग्राहक ठामपणे सांगतात, आणि दुसरी केबल लावली की फोन लगेच दिसतो. त्यानंतर विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये फोनच्या नावावर पिवळी खूण आहे का ते पाहा. असेल तर फोनच्या कंपनीचा यूएसबी ड्रायव्हर बसवा.

एवढे करूनही अडले तर एडीबीची रचना माहीत असलेली बरी. त्याचे तीन भाग असतात: तुम्ही टाइप करता तो क्लायंट, संगणकात मागे चालणारा सर्व्हर आणि फोनमध्ये चालणारी सेवा. मधला सर्व्हर 5037 या पोर्टवर, म्हणजे संगणकातल्या जोडणीच्या ठरावीक जागेवर, बसलेला असतो. फोनशी जोडणारे दुसरे एखादे सॉफ्टवेअर आपले जुने एडीबी सोबत आणते आणि त्या जागेवरून दोघांची मारामारी जुंपते. ते सॉफ्टवेअर बंद करा, 'एडीबी किल-सर्व्हर' द्या आणि पुन्हा 'एडीबी डिव्हायसेस' करून पाहा.

परवानगी टिकवायची कशी

अँड्रॉइड 11 पासून, दिलेली परवानगी सात दिवस वापरली नाही तर आपोआप रद्द होते. म्हणजे आज सगळे नीट केले आणि पुढच्या महिन्यात पडदा फुटला, तर तुम्ही पुन्हा पहिल्या जागी. डेव्हलपर ऑप्शन्समध्ये 'डिसेबल एडीबी ऑथोरायझेशन टाइमआउट' हा पर्याय चालू केला की ही मुदत उठते.

दुसरी गोष्ट संगणकाची. फोन ओळखतो तो तुमच्या संगणकातल्या एका गुप्त किल्लीला. ही किल्ली तुमच्या यूजर फोल्डरमध्ये, टिंबाने सुरू होणाऱ्या 'अँड्रॉइड' नावाच्या फोल्डरमध्ये, 'एडीबीकी' या फाइलमध्ये असते. संगणक फॉरमॅट केला की ती गेली, आणि फोनच्या लेखी तोच संगणक परका झाला. या फाइलची प्रत पेनड्राइव्हवर काढून कुलपात ठेवा. ऑनलाइन ठेवू नका, कुणाला पाठवू नका.

पडदा गेल्यावर

फोन बंद करू नका. चालू राहिलेला फोन एकदा उघडलेला असतो. बंद होऊन पुन्हा सुरू झाला की पिन दिल्याशिवाय आतला डेटा कूटबद्धच राहतो. तसे झालेच तर केबल जोडून 'एडीबी शेल इनपुट कीइव्हेंट 26' देऊन पडदा जागा करा, त्याच कमांडच्या शेवटी 'कीइव्हेंट 82' देऊन कुलपाची पाटी सरकवा, 'एडीबी शेल इनपुट टेक्स्ट' आणि पुढे तुमचा पिन द्या, शेवटी तसेच 'कीइव्हेंट 66' म्हणजे एंटर. पॅटर्नपेक्षा पिन ठेवलेला का बरा, ते इथे कळते.

मग 'एडीबी पुल -ए /एसडीकार्ड/डीसीआयएम' द्या. यातले 'डीसीआयएम' तेवढे मोठ्या अक्षरांत. कॅमेऱ्याचे सगळे फोटो संगणकावर, काळी खिडकी ज्या फोल्डरमध्ये उघडली त्याच फोल्डरमध्ये उतरतात. मधले '-ए' विसरू नका, नाहीतर सगळ्या फाइलींवर आजची तारीख पडते. व्हॉट्सॲपचे फोटो-व्हिडिओ 'अँड्रॉइड' फोल्डरच्या 'मीडिया' विभागात असतात, तेही असेच काढता येतात. संभाषणे मात्र कूटबद्ध फाइलीत असतात. ती नुसती उतरवून वाचता येत नाहीत. इतर ॲपचा खाजगी साठाही एडीबीच्या हाती लागत नाही.

फोन संगणकावर पाहायचा असेल तर 'एससीआरसीपीवाय' हे मोफत साधन वापरा. त्याला एडीबी लागतेच. फोनचा पडदा खिडकीत दिसतो, माउसने फोन चालवता येतो. काही फोनवर पिन टाकायचा पडदा त्यात काळा दिसतो. तेव्हा वरचीच टाइप करायची युक्ती वापरा.

पडदा दिसतो पण टच मेला आहे, आणि डीबगिंग कधी चालूच केले नव्हते, अशांना एक वाट उरते. ओटीजी जोडणीने (फोनच्या चार्जिंगच्या खाचेत यूएसबी उपकरण लावू देणारा छोटा अडॅप्टर) फोनला साधा माउस लावा. बाण दिसतो, पिन टाकता येतो, सेटिंग्जही उघडतात. दुरुस्तीचा खर्च करण्याआधी हे जरूर करून पाहा.

बिनतारी जोडणीबद्दल

अँड्रॉइड 11 पासून वायफायवरून सहा अंकी कोड देऊन जोडता येते. सोय छान आहे, पण फोन पुन्हा सुरू झाला की ती बंद होते, म्हणून फुटक्या पडद्याच्या वेळी तिच्यावर विसंबू नका. जुनी पद्धत, म्हणजे 'एडीबी टीसीपीआयपी 5555', काम झाल्यावर चालू ठेवू नका. फेब्रुवारी 2018 मध्ये 'एडीबी.मायनर' हा किडा, म्हणजे आपोआप पसरणारा घातक प्रोग्राम, याच उघड्या पोर्टमधून फोन आणि टीव्ही बॉक्समध्ये शिरला होता.

धोका किती

डीबगिंग चालू ठेवले की तुमच्या संगणकापुरते फोनचे दार उघडे राहते, हे मान्य करूनच निर्णय घ्या. काही बँकांची ॲप डेव्हलपर ऑप्शन्स चालू असली तर उघडत नाहीत. अशी ॲप वापरणाऱ्यांना ते बंदच ठेवावे लागेल, आणि मग नियमित बॅकअपला पर्याय नाही. संगणक घरात अनेकजण वापरत असतील, तर त्याला कायमची परवानगी देऊ नका. परक्या चार्जिंग पॉइंटवर ही परवानगीची चौकट आली तर सरळ नकार द्या आणि केबल काढा.

आमच्याकडे दुरुस्तीच्या वेळी आमच्या संगणकाला परवानगी द्यावी लागली, तर फोन परत घेताना डेव्हलपर ऑप्शन्समधले 'रिव्होक यूएसबी डीबगिंग ऑथोरायझेशन्स' आमच्यासमोरच दाबा. त्याने तुमच्या संगणकाची परवानगीही जाते, तेव्हा घरी गेल्यावर पहिली जोडणी पुन्हा करून घ्या. जुना संगणक विकताना किंवा देऊन टाकताना त्यातली 'एडीबीकी' फाइल आधी पुसा.