गाडीच्या नंबरावरून मालकाचं नाव: कोणाला मिळतं, कुठे मागायचं, कागद काय लागतात

आमच्या गल्लीतल्या एका आजींना बाजारातून येताना दुचाकीनं उडवलं. दुचाकीवाला थांबलाच नाही. कोपऱ्यावरच्या भाजीवाल्या ताईंनी मात्र पटकन पेन काढून नंबर तळहातावर लिहून घेतला आणि घामानं पुसट व्हायच्या आत त्याचा फोटोही काढला. पुढे आठवडाभर आजींचा मुलगा तो फोटो दाखवत सगळ्यांना एकच विचारत होता: नंबर आहे, मग मालकाचं नाव का मिळत नाही?

नाव मिळतं. फक्त मागण्याचं कारण कायद्यात बसावं लागतं, आणि अर्ज योग्य टेबलावर जावा लागतो.

आधी मोबाइलवर काय दिसतं ते बघू. देशातल्या बहुतेक गाड्यांची नोंद 'वाहन' या केंद्रीय प्रणालीत असते. परिवहन संकेतस्थळावर किंवा एमपरिवहन ॲपवर आपला मोबाइल नंबर आणि ओटीपी टाकून कोणत्याही गाडीचा नंबर तपासता येतो. आरटीओ कुठलं, नोंदणी कधीची, मॉडेल, इंधन, विमा आणि पीयूसी कधीपर्यंत, एवढं कळतं. मालकाच्या नावाच्या जागी एखाददुसरं अक्षर आणि बाकी फुल्या असतात. पत्ता आणि फोन नंबर नाहीच. पूर्वी अख्खं नाव दिसायचं. २०१९ मध्ये केंद्र सरकारनं ही माहिती कंपन्यांना घाऊक विकण्याचं धोरणही आणलं होतं. खासगीपणाचे आक्षेप आल्यावर २०२० मध्ये ते मागे घेतलं. मला ह्या फुल्या योग्यच वाटतात. एखाद्या मुलीच्या स्कूटीचा नंबर टिपून कोणी तिच्या दारापर्यंत पोचू शकत असेल, तर ती सोय कोणाच्याच कामाची नाही.

म्हणून 'पैसे द्या, पूर्ण डिटेल काढून देतो' म्हणणाऱ्या एजंटाकडे जाऊ नका. आणि व्हॉट्सॲपवर वाहतूक दंडाच्या चलनाच्या नावाखाली एपीके फाइल, म्हणजे मोबाइलवर ॲप बसवणारी फाइल, आली तर ती अजिबात उघडू नका. ती उघडून अनेकांची बँक खाती रिकामी झाली आहेत.

अपघात झाला असेल तर

इथे कायदा तुमच्या बाजूनं स्पष्ट बोलतो. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १६० प्रमाणे, अपघाताच्या भरपाईवर हक्क सांगणाऱ्या माणसानं मागितल्यास आरटीओनं किंवा पोलीस ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्यानं गाडीचा तपशील आणि अपघाताच्या वेळी ती वापरणाऱ्याचं नाव-पत्ता द्यायचा असतो. ठरलेली फी भरावी लागते. विमा कंपनीलाही हाच हक्क आहे. खिडकीवर 'खासगी माहिती आहे, देता येत नाही' असं उत्तर आलं तर वाद घालत बसू नका. अर्जातच 'कलम १६० नुसार' हे शब्द लिहा आणि दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घ्या. शिक्क्याशिवाय घरी येऊ नका, कारण पुढे तोच कागद बोलतो.

अर्ज साध्या कागदावर चालतो. त्यात अपघाताची तारीख, वेळ, जागा, गाडीचा नंबर आणि तुम्ही जखमी आहात की वारस, हे लिहायचं. सोबत एफआयआरची प्रत, पंचनामा हाती आला असेल तर तो, दवाखान्याचे कागद आणि आपलं ओळखपत्र जोडायचं. वारस असाल तर मृत्यू दाखला आणि नात्याचा पुरावा.

खरं तर एफआयआर झाली की निम्मं काम पोलिसांचं असतं. १ एप्रिल २०२२ पासूनच्या नियमांप्रमाणे तपास अधिकाऱ्यानं पहिला अपघात अहवाल ४८ तासांत आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत भरपाई न्यायाधिकरणाकडे द्यायचा असतो. 'गाडी माझी, पण मी चालवत नव्हतो' म्हणून मालकाची सुटका होत नाही. कोण चालवत होतं ते पोलिसांना सांगणं कलम १३३ नं त्याच्यावर बंधनकारक आहे. तुम्ही मात्र तारखेवर लक्ष ठेवा. कायद्यात दाव्यासाठी अपघातापासून सहा महिन्यांची मुदत लिहिलेली आहे, तेव्हा मालकाच्या नावाची वाट बघत ती घालवू नका.

गाडी सापडलीच नाही तरी रिकाम्या हातानं परतायचं नाही. धडक देऊन पळालेल्या अज्ञात वाहनासाठी वेगळी योजना आहे: मृत्यू झाल्यास २ लाख, गंभीर दुखापत असल्यास ५० हजार रुपये. ह्याची चौकशी महसूल अधिकाऱ्यांकडे असते, म्हणून प्रांत किंवा तहसील कार्यालयात विचारा.

फाटकासमोर कोणी गाडी लावून गेलंय, एवढ्याच कारणासाठी नाव मिळणार नाही, आणि त्याची गरजही नाही. वाहतूक पोलिसांना फोन करा, नंबर त्यांना द्या. माहिती अधिकारातूनही त्रयस्थाचं नाव-पत्ता सहसा मिळत नाही, वैयक्तिक माहिती म्हणून अर्ज फेटाळला जातो.

जुनी गाडी घेताना, विकताना

विकत घेणाऱ्यानं फुल्यांमागचं नाव शोधत बसण्यापेक्षा विकणाऱ्यालाच समोर बसवावं. आरसी, म्हणजे गाडीचं नोंदणी प्रमाणपत्र, त्याच्याकडून घ्या, चासी नंबर गाडीवर बघून ताडून पाहा, आरसीवर बँकेचा बोजा आहे का ते वाचा. बोजा असेल तर बँकेची एनओसी (ना-हरकत दाखला) आणि बोजा उतरवण्याचा फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. महाराष्ट्रातली थकलेली ई-चलनं गाडीचा नंबर आणि चासी किंवा इंजिन नंबराचे शेवटचे चार आकडे टाकून बघता येतात.

नाव बदलायला फॉर्म २९ आणि ३०, मूळ आरसी, चालू विमा, पीयूसी आणि घेणाऱ्याचा पत्त्याचा पुरावा लागतो. गाडी दुसऱ्या राज्यातली असेल तर फॉर्म २८ वरची एनओसी. विकणाऱ्यानं राज्यातल्या राज्यात १४ दिवसांत आरटीओला कळवायचं, घेणाऱ्यानं ३० दिवसांत. मालक वारला असेल तर वारसानं ३० दिवसांत आरटीओला कळवून तीन महिन्यांत फॉर्म ३१ भरायचा.

विकणारे इथे फार ढिले असतात, आणि त्याचा मला खरोखर त्रास होतो. पैसे मिळाले, चावी दिली, संपलं, असं त्यांना वाटतं. पण कायद्याच्या नजरेत मालक म्हणजे ज्याच्या नावावर नोंद आहे तो. गाडी विकून टाकलेली असली तरी नोंदीतल्या मालकावरच भरपाईची जबाबदारी राहते, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये सांगितलं आहे. अधिकृत डीलरला गाडी देणाऱ्यांसाठी एप्रिल २०२३ पासून फॉर्म २९सी आहे. तो ऑनलाइन गेला की तिथून पुढची जबाबदारी डीलरची.

गाडी विकून दोनेक महिने झाले की एमपरिवहनवर तिचा नंबर टाकून बघा. फुल्यांच्या आधीचं अक्षर अजून तुमच्याच नावाचं दिसलं, तर फॉर्म २९ ची पोच घेऊन दुसऱ्या दिवशी आरटीओ गाठा.